टॅप केलं तरी फोकस भलतीकडेच जातोय? आधी चौकटीचा रंग बघा

"ताई, कॅमेरा बिघडलाय गं. मी बाळाच्या तोंडावर बोट ठेवतेय, तरी फोटोत बाळ धुरकट आणि पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं एकदम कडक येतंय. आणि मध्येच बोट नीट लावलं पण नसतं तरी खटॅक करून फोटो निघतो."

सांगलीहून मावसबहिणीचा फोन. तिच्या जावेच्या बाळाचं बारसं चालू होतं, मागून बायकांचा पाळणा म्हणण्याचा आवाज येत होता आणि ही रडकुंडीला आलेली. तिची घाई मला कळत होती कारण बारसं काही परत होत नाही, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तो क्षण अर्ध्या मिनिटात संपतो. मी तिला एवढंच विचारलं, "टॅप केल्यावर स्क्रीनवर चौकट येते ना, ती कुठल्या रंगाची होते ते सांग." ती म्हणाली हिरवी. म्हटलं मग कॅमेरा अजिबात बिघडलेला नाही, त्याला फोकस मिळालाय, फक्त तुला हवा तिथे नाही मिळालाय.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे हीच तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकलीय, नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतली दहावीची मुलं, आणि दरवेळी शेवट एकच, की टचला काही अर्थ नाही, आपला फोनच बरा. आणि मग ४०-५० हजारांचा कॅमेरा कपाटात. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण टच फोकस ही कॅमेऱ्यातली फार उपयोगाची गोष्ट आहे, विशेषतः ज्यांना चष्म्यामुळे डोळा लावून बघायला त्रास होतो किंवा पाळण्यासारखं वरून खाली काहीतरी काढायचंय त्यांच्यासाठी.

फोनवर टॅप आणि कॅमेऱ्यावर टॅप यात मोठा फरक आहे. फोनमध्ये टॅपचा अर्थ ठरलेला असतो, तिथे फोकस कर आणि उजेड पण तिथला धर. कॅमेऱ्यात टॅपचा अर्थ तुम्ही (किंवा तुमच्या आधी कॅमेरा हातात घेतलेल्या भाच्याने) सेटिंगमध्ये काय ठेवलाय त्यावर आहे. त्यामुळे प्रॉब्लेम आला की मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारते: कॅमेऱ्याला बोट लागल्याचं कळतंय का, कळल्यावर त्याने काय करायचं ठरलंय, आणि तुम्ही बोट ठेवलंय त्या जागी फोकस बसू शकतो का. क्रम सोडला की माणूस उगाच लेन्स बदल, रिसेट मार, असं करत बसतो.

टॅप केलं तरी काहीच होत नाही

सगळ्यात आधी तुमच्या कॅमेऱ्याला टचस्क्रीन आहे का ते बघा. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे भरपूर खपलेले कॅनन १५००डी, ३०००डी, निकॉन डी३५००, डी५३००, सोनी ए६००० या कशालाच टचस्क्रीन नाही. स्क्रीन दिसायला तशीच असते, त्यामुळे सेकंडहॅंड घेणाऱ्याला वाटतं की आधीच्या मालकाने खराब करून विकला.

टचस्क्रीन आहे पण तो डीएसएलआर आहे, म्हणजे आत आरसा असलेला, तर डोळा लावून बघताना स्क्रीनवर टॅप करून फोकस होत नाही. त्या वेळी प्रकाश आरशावरून वर जात असतो, सेन्सरला (फोटो टिपणाऱ्या आतल्या पट्टीला) काही दिसतच नसतं. त्यासाठी लाइव्ह व्ह्यू चालू करावा लागतो, म्हणजे समोरचं चित्र स्क्रीनवर दिसलं पाहिजे. कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर त्याचं वेगळं बटण असतं, कॅमेऱ्याचं चित्र आणि शेजारी लाल ठिपका. निकॉन डी५५००, डी५६०० ला मोड डायलजवळ छोटा खटका आहे.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, असेल तर वेगळीच गंमत, डोळा लावायच्या खिडकीजवळ एक सेन्सर असतो, तिथे काहीही आडवं आलं की कॅमेऱ्याला वाटतं माणसाने डोळा लावला आणि तो स्क्रीन बंद करून चित्र खिडकीत पाठवतो. गळ्यातला पट्टा लोंबत असतो, साडीचा पदर येतो, वरून फोटो काढताना कॅमेरा पोटाशी धरला की पोटच आडवं येतं. स्क्रीन अचानक काळी होत असेल तर हेच बघा. मेनूत जाऊन चित्र कायम स्क्रीनवरच ठेवायचं सेटिंग करता येतं, कार्यक्रमाच्या दिवशी मी तेच करते.

मग येतं टचचं सेटिंग. कॅननमध्ये पान्याच्या चिन्हाच्या मेनूत टच कंट्रोल आहे, त्यात स्टॅंडर्ड, सेन्सिटिव्ह आणि डिसेबल असे तीन पर्याय. सोनीत टच ऑपरेशन नावाचं वेगळं सेटिंग आहे, ते बंद असेल तर तुम्ही बोट झिजवलं तरी काही होणार नाही. आणि सोनीवाल्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, ए६४००, ए७ थ्री, झेडव्ही-ई१० या मॉडेलांमध्ये मेनू टचने चालतच नाही, टच आहे तो फोकसच्या कामापुरता. मेनू उघडून टॅप करून बघितलं, काही झालं नाही, म्हणजे टच गेला, असा निष्कर्ष मी दोन जणांकडून ऐकलाय. त्यांचे कॅमेरे ठणठणीत होते. बाकी कॅनन किंवा निकॉनच्या टचवाल्या मॉडेलवर मात्र मेनूत टॅप करून बघणं ही चांगली परीक्षा आहे, चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी.

आता बोटांबद्दल, कारण आपल्या कार्यक्रमांत हात कोरडे आणि स्वच्छ असतील याची खात्री नसते. ही स्क्रीन दाबाने चालत नाही. काचेखाली अगदी हलका विद्युतभार पसरलेला असतो, बोट जवळ आलं की त्या जागी तो बदलतो आणि कॅमेऱ्याला जागा कळते. म्हणून जोरात दाबून उपयोग नाही, नखाने टोचून नाही, पेनाच्या टोकाने तर मुळीच नाही, चरा मात्र पडेल. बोटाचा मऊ भाग लागला पाहिजे. पाण्याचा थेंबसुद्धा बोटासारखाच भार बदलतो, त्यामुळे पावसात किंवा अभिषेकाच्या वेळी तीर्थाचे थेंब उडाले की कॅमेरा स्वतःहून इकडे तिकडे फोकस करायला लागतो किंवा फोटो मारतो. हळदीला तेलकट हाताने टॅप केलं तर वर थर बसतो आणि पुढचे टॅप अडखळतात. खिशात चष्म्याचं मऊ फडकं ठेवा, आणि पुसताना कॅमेरा बंद करा, नाहीतर पुसण्याचेच दहा फोटो निघतात.

आणि स्क्रीन गार्ड. माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्याची डावी कड टॅप घेत नव्हती, सहा-सात महिने मी त्या बाजूला बोट न लावता काम भागवलं, शेवटी एका रिपेअरवाल्याकडे नेला तर त्याने न उघडताच डिस्प्ले बदलावा लागेल असं सांगितलं आणि आकडा असा सांगितला की मी परत घरी आले. घरी आल्यावर काचेचा गार्ड काढला तर त्या कडेला खाली हवा शिरलेली होती, काच स्क्रीनला टेकतच नव्हती. गार्ड काढला, टच पूर्ववत. म्हणून कुठेही नेण्याआधी गार्ड काढून एकदा बघाच. आणि नवीन लावायचा तर तुमच्या मॉडेलचाच पातळ बघून घ्या, फोनचा कापून बसवलेला जाड गार्ड नको. गार्ड ठेवायचाच असेल आणि कॅनन असेल तर टच सेन्सिटिव्हवर टाकून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

टॅप केलं की फोटोच निघतो, किंवा निघतच नाही

मावसबहिणीचा दुसरा प्रॉब्लेम हा होता, बोट नीट लावलं नाही तरी फोटो निघतो. याला कारण टच शटर. टच शटर चालू असेल तर टॅप म्हणजे फोकस अधिक फोटो, बंद असेल तर टॅप म्हणजे नुसता फोकस, फोटो बटणानेच. दोन्ही उपयोगी आहेत पण आपण कशात आहोत हे माहीत पाहिजे, आणि त्याचं चिन्ह स्क्रीनवरच असल्यामुळे ते चुकून बदलतं, अंगठा लागतो आणि कळतही नाही.

कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत हे चिन्ह स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात असतं, त्यावर टॅप केलं की चालू-बंद होतं. निकॉन झेड५० वगैरेमध्ये डाव्या कडेला आहे आणि त्यात तीन अवस्था, फोकस आणि फोटो, नुसता फोकस, आणि टच बंद. फुजीफिल्ममध्ये उजव्या कडेला, तिथे चार, फोटो, फोकस, नुसती चौकट हलवणं, आणि बंद. फुजीतली ती तिसरी अवस्था लोकांना फसवते, चौकट बोटाखाली येते म्हणून वाटतं फोकस झाला, पण फक्त जागा बदललेली असते, फोकस व्हायला शटरचं बटण अर्धं दाबावंच लागतं. सोनीच्या ए६४०० किंवा झेडव्ही-ई१० मध्ये आधी मेनूत फंक्शन ऑफ टच ऑपरेशन मध्ये जाऊन टच शटर, टच फोकस, टच ट्रॅकिंग यातलं एक निवडायचं. टच शटर निवडलं तरी स्क्रीनवर वरच्या उजव्या बाजूच्या चिन्हावर एकदा टॅप करून ते चालू करावं लागतं, ही पायरी राहून जाते आणि मग "सेटिंग केलं तरी चालत नाही".

निकॉनची एक सवय वेगळी आहे. बोट ठेवलं की फोकस होतो आणि बोट उचललं की फोटो निघतो. फोनची सवय असलेला माणूस बोट ठेवून वाट बघत बसतो, फोटो निघत नाही म्हणून वैतागून हात काढतो आणि त्याच वेळी, कॅमेरा हललेला असताना, फोटो निघतो. निकॉनवर बोट हलकं ठेवा, चौकट हिरवी होऊ द्या, मग अलगद उचला. झटका देऊ नका.

कॅननमध्ये फोकस मिळाला नाही तर चौकट नारिंगी होते आणि टच शटर फोटो घेतच नाही. हा दोष नाही, कॅमेरा तुम्हाला सांगतोय की इथे जमलं नाही, परत कुठेतरी टॅप कर. अजून एक, कॅननच्या डीएसएलआरमध्ये ड्राइव्ह मोड बर्स्टवर, म्हणजे सलग फोटोंवर, ठेवला तरी टच शटरने एका टॅपला एकच फोटो निघतो. अक्षता पडतानाचे पाच-सहा फोटो सलग हवे असतील तर टचच्या नादी लागू नका, टॅप करून फोकस घ्या आणि बटण दाबून धरा. सोनीत मात्र सलग मोडला बोट ठेवलं तेवढा वेळ फोटो निघत राहतात, म्हणून सोनीवाल्यांचं कार्ड कधी कधी एकाच फोटोच्या तीस प्रतींनी भरतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कार्यक्रमात टच शटर बंद ठेवा, टॅप फक्त फोकसला, फोटो बटणाने. टच शटर मी वापरते ते ट्रायपॉडवर ताट किंवा दागिना काढताना, किंवा गर्दीत हात वर करून काढताना जेव्हा बटणापर्यंत बोट पोचत नाही. मावसबहिणीला पण मी फोनवर हेच करायला सांगितलं आणि आपोआप निघणारे फोटो तिथेच थांबले.

आता चिमणाळं

खरा मुद्दा हा आहे आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे.

चौकटीचा रंग परत एकदा. हिरवी म्हणजे फोकस बसला. कॅननमध्ये नारिंगी, निकॉन आणि फुजीत लाल, म्हणजे नाही बसला. सोनीत खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा गोल ठिपका असतो, स्थिर असेल तर बसला, लुकलुकत असेल तर नाही. कॅननची चौकट निळी दिसली तर तुम्ही सर्व्हो मध्ये आहात, म्हणजे कॅमेरा हलत्या गोष्टीचा पाठलाग करतोय, फोकस एका जागी थांबणार नाही.

हिरवी आहे आणि तरी चुकतंय, तर चूक जागेची आहे. पाळण्याचं उदाहरण घ्या. बाळाचा चेहरा खाली, त्यावर वीतभर अंतरावर चिमणाळं लटकतंय, त्याच्या रंगीत चिमण्या, मणी, झालर. स्क्रीनवर दोन्ही एकावर एक दिसतात. तुम्ही बाळाच्या गालावर बोट ठेवता पण चौकट बोटाच्या टोकाएवढी नसते, चांगली मोठी असते, तिच्यात अर्धं चिमणाळं पण येतं. आता कॅमेऱ्याला बाळ आणि खेळणं यातला फरक कळत नाही, त्याला कळतो तो उजेड-अंधाराचा स्पष्ट काठ. बाळाचा गाल मऊ, एकाच रंगाचा, त्यावर पकडायला काठच नाही. चिमणाळ्यावर हिरव्याला लागून लाल, लालला लागून सोनेरी, आणि ते जवळ पण आहे. कॅमेरा तेच पकडणार, आणि प्रामाणिकपणे हिरवी चौकट दाखवणार. पिंजऱ्यातला पोपट, जाळीमागची मांजर, मुंडावळ्यांमागचा नवऱ्याचा चेहरा, तुळशीच्या मंजिऱ्यांमागची पणती, सगळीकडे हेच होतं.

यावर उपाय म्हणजे चौकट लहान करा. कॅननच्या नव्या मॉडेलांत स्पॉट किंवा १-पॉइंट एएफ, जुन्यात लाइव्ह १-पॉइंट, सोनीत फ्लेक्सिबल स्पॉट आणि त्यात एस, म्हणजे लहान. निकॉन मिररलेसमध्ये पिनपॉइंट किंवा सिंगल पॉइंट. मग बोट गालावर नाही, डोळ्याच्या पापणीवर किंवा भुवईवर ठेवा, काजळ लावलेलं असेल तर फारच छान, काळ्या-गोऱ्याचा इतका स्पष्ट काठ दुसरा नाही. किंवा कुंचीची कड जिथे कपाळाला लागते तिथे. चेहऱ्याच्याच अंतरावर जिथे दोन रंग भेटतात तिथे टॅप करा, कोऱ्या जागेवर करू नका. पांढरं दुपटं, पांढरी भिंत, पुरणपोळीचा मधला भाग, हे सगळं कोरं, तिथे टॅप केलं की लेन्स नुसती पुढे-मागे घुटमळते.

आणि अंतराचा हिशोब बघा, तो कळला की ही चूक इतकी ठळक का दिसते ते कळतं. ५० एमएमची लेन्स एफ १.८ वर (हा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, आकडा मोठा तर भोक लहान), नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरवर, एक मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम अडीच सेंटीमीटर असतो. चिमणाळं वीतभर वर आहे. म्हणजे ते कडक आलं तर बाळ पूर्ण धुरकट होणारच. तेच एफ ५.६ केलं तर पट्टा आठेक सेंटीमीटर होतो. वीतभर अंतर तरीही झाकलं जात नाही, म्हणून ॲपर्चर लहान करून हा प्रॉब्लेम जाणार नाही, फोकसच योग्य जागी बसवावा लागेल. पण नाकावर बसला आणि डोळे चुकले, ही तक्रार मात्र तेवढ्याने जाते. लोक ५० एमएम १.८ घेतात, मागचं मस्त धूसर येतं म्हणून कायम १.८ वरच ठेवतात. घरातल्या कार्यक्रमात दोन-अडीचवर या आणि दोन माणसं एका फोटोत असतील तर चारच्या पुढे जा, आयएसओ (उजेड पकडायची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो आई फ्रेम करून लावते, धुरकट लावत नाही.

चेहरा ओळखणं चालू असेल तर अजून एक गोष्ट होते. तुम्ही हातातल्या अंगठीवर टॅप करता आणि चौकट उडी मारून चेहऱ्यावर जाते, किंवा टॅप केल्यावर अंगठीच्या मागे मागे फिरायला लागते कारण ते ट्रॅकिंग आहे. कॅमेऱ्याला सांगितलंय की माणूस महत्त्वाचा, तो ते पाळतोय. रुखवत, मेंदी, दागिने, ताट काढायचं असेल तेव्हा चेहरा ओळखणं बंद करून एकाच चौकटीवर या. उलट बाळ कुशीवर झोपलंय, डोळे मिटलेले, अर्धा चेहरा दुपट्यात, तेव्हा कॅमेऱ्याला चेहरा कित्येकदा सापडतच नाही, तिथेही छोटी चौकट आणि तुमचं बोटच कामाचं.

आणि टॅप केलेली जागा लक्षात राहते! हे खूप जणांना माहीत नसतं. तुम्ही डाव्या कोपऱ्यात टॅप करून आजीचा फोटो घेतला, मग वळून मध्ये उभ्या असलेल्या काकांचा घेतला, चौकट अजून डाव्या कोपऱ्यातच आहे, तिथे आता पडदा आहे, फोकस पडद्यावर. सोनीत टच फोकस किंवा ट्रॅकिंग सोडायला स्क्रीनवरच्या फुलीवर टॅप करा किंवा गोल चक्राच्या मधलं बटण दाबा. कॅननच्या काही मॉडेलांत कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं की चौकट मध्यभागी येते. फुजीत स्क्रीनवर फोकस सोडायचं चिन्ह येतं. दर फोटोला नव्याने टॅप करायची सवय लागली की हा प्रश्नच राहत नाही.

डोळा लावून काढणाऱ्या मिररलेसवाल्यांसाठी एक छोटीशी गोष्ट, त्यात स्क्रीन टचपॅडसारखी चालते आणि डावा डोळा लावणाऱ्यांचं नाक स्क्रीनला टेकतं, मग चौकट आपोआप कोपऱ्यात पळते. कॅननमध्ये टच ॲंड ड्रॅगचा, सोनीत टचपॅडचा भाग फक्त अर्ध्या स्क्रीनपुरता ठेवता येतो, नाक टेकत नाही तो अर्धा निवडा.

लाल किंवा नारिंगीच येतेय

लेन्सवरचा खटका एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, गेलाय का बघा, बॅगेतून काढताना घासून जातो. ते नसेल तर तुम्ही फार जवळ गेलाय. प्रत्येक लेन्सचं कमीत कमी अंतर असतं, कॅननच्या ५० एमएम १.८ एसटीएमचं ३५ सेंटीमीटर, आणि हे लेन्सच्या तोंडापासून नाही, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल आणि त्यातून जाणारी रेघ असं चिन्ह असतं, तिथून. मोदकाच्या कळ्या अजून जवळून काढायच्या म्हणून पुढे पुढे गेलात की कितीही टॅप करा, नाही होणार, जरा मागे या आणि नंतर फोटो कापा.

साडीचे आडवे पट्टे, खिडकीच्या आडव्या पट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या, यांच्यावर पण फोकस अडतो कारण बऱ्याच कॅमेऱ्यांचे सेन्सरवरचे फोकस बिंदू उभे काठ चांगले ओळखतात, आडवे नाही. कॅमेरा उभा धरून टॅप करा, फोकस घ्या, आणि शटर अर्धं दाबून ठेवून परत आडवा करा.

टॅप केल्यावर लेन्स पुढे जाते, मागे येते, मग एकदाची हिरवी, याला जर एक-दीड सेकंद लागत असेल आणि कॅमेरा जुना डीएसएलआर असेल तर तो त्याचा स्वभाव आहे. कॅनन ६५०डी हा २०१२ मधला पहिला टचस्क्रीनवाला डीएसएलआर, त्यात आणि त्यानंतरच्या ७००डी मध्ये स्क्रीनवरचा फोकस असाच हळू आहे, निकॉन डी५६०० मध्येही लाइव्ह व्ह्यूत लेन्स पुढे-मागे करून सगळ्यात ठळक काठ कुठे दिसतो ते शोधावं लागतं. २०१३ च्या कॅनन ७०डी पासून प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून फोकस कुठल्या बाजूला किती चुकलाय हे थेट कळायला लागलं, तेव्हापासून टॅप आणि फोकस जवळपास एकदम. जुना असेल तर पळणाऱ्या मुलांसाठी डोळा लावून काढा, टॅप ठेवा शांत बसलेल्यांसाठी.

हिरवी होती, जागा पण बरोबर, तरी धुरकट

फोटो मोठा करून सगळीकडे फिरून बघा. कुठेतरी, मागच्या भिंतीवर, पाळण्याच्या दोरीवर, काहीतरी टोकदार दिसतंय का? दिसलं तर फोकस तिथे गेलाय, वरचं परत वाचा. कुठेच काही टोकदार नाही आणि दिव्यांच्या रेघा झाल्यात, तर फोकसचा काही संबंध नाही, कॅमेरा हलला. टॅप करताना आपण स्क्रीनला नकळत ढकलतो, विशेषतः बाहेर काढलेल्या फिरत्या स्क्रीनला, ती तर पानासारखी हलते. डावा हात लेन्सखाली, कोपर अंगाला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने टॅप. शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नको, हातपाय मारणाऱ्या बाळाला १/२५० पासून सुरुवात. ट्रायपॉडवर असेल तर २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का शांत होईपर्यंत फोटो निघत नाही.

सांगलीला काय झालं, तर टच शटर बंद, चौकट लहान, बोट काजळाच्या रेघेवर, एफ २.८, एवढं फोनवर सांगायला पाच मिनिटं लागली. नाव सांगतानाचे तीन फोटो तिने पाठवले, एकात आत्याचे कानाशी नेलेले ओठ आणि बाळाची पापणी दोन्ही स्पष्ट आहेत आणि चिमणाळं वर नुसता रंगीत ढग होऊन तरंगतंय. ते बाजूला करायची गरजच पडली नाही.

एवढं सगळं करूनही स्क्रीनचा एखादा उभा पट्टा कुठेच टॅप घेत नसेल, मेनूत पण नाही, गार्ड काढून, काच पुसून, बॅटरी काढून परत लावून, सेटिंग रिसेट करून पण नाही, किंवा स्क्रीन एका ठराविक कोनात फिरवल्यावरच टच जात असेल, तर मात्र तो यंत्राचा दोष आहे, बहुतेक फिरत्या सांध्यातून जाणारी केबल. मग सर्व्हिसला द्या. देण्याआधी फोनवर एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा, स्क्रीन कुठल्या कोनात आहे आणि बोट लावल्यावर काय होतंय ते दिसेल असा, कारण हा दोष काउंटरवर नेमका दिसत नाही, आणि मग "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून कॅमेरा जसाच्या तसा परत येतो.